नारिंगी मंडळाचे अध्यक्ष आलोयस टेरहोर्स्ट

आमचं गाव हॉलंडमध्ये गेलं तो शनिवार होता. शनिवारी रविवारचाही पाव भाजून ठेवावा लागतो, त्यामुळे आलोयसकाका पहाटेपासून भट्टीसमोर होते आणि देश बदलतोय तिकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती. मी तेव्हा सात वर्षांची. आई गेल्यापासून हेडविगमावशीकडेच वाढत होते, म्हणजे काकांच्या बेकरीच्या माळ्यावर.

दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. आमच्या जर्मन सैन्याने हॉलंडचे पाच वर्षं हाल केले, शेवटच्या हिवाळ्यात तर तिथल्या लोकांना ट्यूलिपच्या फुलझाडांचे कंद उकडून खायला लावले. त्याची भरपाई म्हणून त्यांना जमीन हवी होती. सरहद्दीपलीकडच्या भिंतींवर खडूने लिहिलेलं असायचं, जर्मनीची जमीन द्या, जर्मन नकोत. त्यांच्यातल्या काही शहाण्यांनी नकाशावर थेट कोलोनपर्यंत रेघ मारली होती. मोठ्या देशांनी घासाघीस करून त्यांना काही पट्टे आणि आमच्यासारखी थोडी गावं दिली. कोलोन मागितलं आणि आम्ही मिळालो.

दुपारी बारा वाजता चर्चची घंटा झाली आणि पलीकडून चार पोलीस आले. सरहद्दीवरच्या फाटकाचा लाल-पांढरा दांडा उचलून त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा होता. दांडा लांबलचक आणि आमचा रस्ता बेकरीपाशी काटकोनात वळतो. पुढच्या दोघांनी वळण घेतलं, मागच्या दोघांना ते कळलं नाही, आणि दांड्याचं टोक काकांच्या पाटीवर बसलं. पाटीवर जर्मनमध्ये ‘बेकरी’ लिहिलेलं होतं. जर्मन अक्षरांवर कधी कधी दोन टिंबं असतात, नेमका तेवढाच तुकडा तुटून खाली पडला.

काका पीठभरल्या हातांनी बाहेर आले. “अहो, हे काय?”

“माफ करा,” एक उंच पोलीस म्हणाला. त्याचं नाव सीबोल्ट. त्याने पाटी निरखून पाहिली. “पण आमच्या भाषेत ती टिंबं लागत नाहीत. अर्धं काम झालं म्हणा की.”

“आणि उरलेलं अर्धं?”

“ते वरून साहेब येतील ते सांगतील. मला विचारू नका. मी डच नाही, हॉलंडच्या उत्तरेकडचा फ्रीजियन आहे.”

मग काकांनीच दांड्याचं मागचं टोक धरलं आणि वळण काढून दिलं. आमचं आल्टवार्ट गाव हॉलंडमध्ये नेऊन ठेवायला ज्यांनी हात लावला त्यांत आमचे काकाही होते. मावशी हे पुढे साठ वर्षं ऐकवत राहिली.

साहेब सोमवारी आले. बोडार्ट त्यांचं नाव, हेगचे वकील, बारीक अंगाचे, मऊ बोलण्याचे. त्यांना आमचे प्रशासक नेमलं होतं. शाळेच्या खोलीत त्यांनी भिंतभर नकाशा टांगला. त्यात हॉलंडची नवी जमीन हिरवी रंगवली होती आणि ती कुठे आहे ते दाखवायला बाण काढावा लागला होता. गावाचं नाव त्यांनी औडवार्ट केलं. उच्चार जवळपास तोच, फक्त पाटी रंगवणाऱ्याला काम मिळालं.

बोडार्टसाहेबांना आम्हाला शिक्षा करायची नव्हती. उलट त्यांचं म्हणणं असं की आम्ही जर्मन नाहीच. “तुमची बोली ऐका,” ते म्हणायचे. “पलीकडच्या गावात हीच बोलतात. तुम्ही डचच आहात, मध्यंतरी विसरलात एवढंच.” तरुणपणी त्यांनी बेल्जियमचा डच बोलणारा निम्मा भागही अशीच आठवण करून देऊन हॉलंडमध्ये आणायचा बेत केला होता म्हणे. तिथल्या लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही.

“मी काय काय विसरले ते मला चांगलं आठवतं,” मावशी घरी येऊन म्हणाली. “त्यात हॉलंड नव्हतं.”

पुढच्याच शनिवारी तिथल्या राणीचा वाढदिवस होता. त्या दिवशी हॉलंडमध्ये गावोगाव जत्रा भरते आणि ती भरवायला प्रत्येक गावात एक नारिंगी मंडळ असतं, कारण राजघराण्याचं नावच नारिंगी. साहेबांनी गावकऱ्यांना शाळेत बोलावलं आणि विचारलं, “मंडळाचा अध्यक्ष कोण होणार?”

शंभरेक माणसं बुटांकडे बघत बसली. शेतकरी, वीटभट्टीवाले, एका पायाचा टपालवाला, सगळे.  तेवढ्यात आलोयसकाका ताडकन उभे राहिले.

“शाबास!” बोडार्टसाहेबांचे डोळे भरून आले. “तुमचं नाव?”

“आलोयस टेरहोर्स्ट. साहेब, माझा—”

“टाळ्या!”

“माझा पाव भट्टीत आहे,” काका म्हणाले, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. लोक मनापासून टाळ्या वाजवत होते. आपल्यावरचं टळलं होतं.

पाव करपलाच. मावशी दारात उभी होती. “सगळ्या गावात तुलाच सुचलं का देशभक्त व्हायला?”

“अगं, मी घरी यायला उठलो होतो.”

“मग यायचं होतंस सरळ!”

आता नारिंगी कापड हवं, झेंडा हवा. चौथं वर्ष टंचाईचं चाललं होतं, कापड कुठलं? पण लाल कापडाला आमच्याकडे तोटा नव्हता. पूर्वीच्या राजवटीचे ते लाल झेंडे घराघरांत होते. मधलं पांढरं वर्तुळ काळ्या स्वस्तिकासकट कापून टाकून बायकांनी त्यांचे परकर, उश्यांचे अभ्रे, मुलींचे झगे शिवले होते. माझाही एक झगा होता. हॉलंडच्या झेंड्याचा वरचा लाल पट्टा मावशीने त्यातूनच काढला. मधल्या पांढऱ्यासाठी चादर, खालच्या निळ्यासाठी वीटभट्टीवाल्यांचे सदरे. झेंडा झकास झाला, फक्त लाल पट्ट्यात गोल ठिगळाचा अर्धा चंद्र दिसत होता.

बोडार्टसाहेबांनी झेंडा हातात घेतला, शिवणीवर बोट फिरवलं. “ही गोलाई कसली?”

“भोक होतं साहेब,” मावशी म्हणाली. “भरून काढलं.”

 साहेबांनी झेंड्याची नीट घडी घातली आणि ते म्हणाले, “शिवण मजबूत आहे.”

नारिंगी रंग कांद्याच्या सालांतून काढला. गाजरं उकळून पाहिली, पण त्यांनी कापड नुसतं मळकं झालं. गाजरांचं पातेलं बघून साहेबांना भरतं आलं. ते चुलीपाशी बसून सांगू लागले की दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्याच देशात लोकांना राजघराणं नको झालं होतं. तेव्हाचे देशभक्त म्हणजे नारिंगीचे वैरी. रंगावर अशी बंदी की बाजारात गाजरं मांडायची ती पाला पुढे करून, लाल-पिवळं टोक दिसता कामा नये. मग वारं फिरलं आणि ज्याच्या टोपीवर नारिंगी फीत नाही त्याला लोक कालव्यात ढकलू लागले. “आणि परवाच्या युद्धात तुमच्या लोकांनी पुन्हा बंदी घातली,” साहेब म्हणाले. “मी कोटाच्या आत, अस्तराला नारिंगी धागा शिवला होता. कुणाला दिसत नव्हता. पण मला माहीत होतं.”

“धाग्याने काय होतं?” मावशीने विचारलं.

“काही नाही,” साहेब म्हणाले. “पण थंडी कमी वाजते.”

काका ढवळता ढवळता थांबले होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांना पूर्वेच्या आघाडीवर पाठवलं होतं, तिथल्या बर्फात पायाची दोन बोटं ठेवून ते परत आले होते. आपण कशासाठी गेलो होतो हे त्यांना कुणी पुन्हा विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

वाढदिवसाच्या दिवशी सगळं गाव कांद्याच्या वासाने घमघमत होतं. पोत्यात पाय घालून उड्या मारायची शर्यत झाली. दोरीला टांगलेले गोड पाव हात मागे बांधून तोंडाने पकडायचे, तेही झालं. गावाने आधी लांबून पाहिलं, पण पाव खरा होता. टपालवाला पोत्याच्या शर्यतीत दुसरा आला. त्याला एकच पाय असल्याने हरकत घ्यावी की नाही यावर पंचांचा वाद झाला. सीबोल्ट पोलिसाच्या घशात पाव अडकला आणि काकांनी पाठीत बुक्का घालून तो बाहेर काढला.

सीबोल्ट धाप टाकत गवतावर बसला. “माझा धाकटा भाऊ तिकडे जावा बेटावर आहे,” तो म्हणाला. “फौजेत. तिथे आमचं तीनशे वर्षांचं राज्य हातचं चाललंय, रोज माणसं मारतात आणि मरतात. इकडे आम्ही तुमचं गाव घेतलं. आईला पत्रात काय लिहू सांग?”

“लिही, पाव चांगला होता,” काका म्हणाले.

संध्याकाळी पोती झटकताना काका मावशीला म्हणाले, “हेडविग, मला हे आवडलं.”

“काय आवडलं?”

“देश. म्हणजे असला. आतापर्यंत जो आला त्याने मला कुणाला तरी मारायला सांगितलं. इथे नुसतं टांगलेला पाव तोंडाने धरायचा.”

“तू आपल्याच बेकरीचा पाव धरलास, मूर्खा,” मावशी म्हणाली, पण आवाज तितका तिखट नव्हता.

तिथून काकांना जे वेड लागलं ते सुटलं नाही. चौदा वर्षं गाव हॉलंडमध्ये राहिलं आणि चौदा वर्षं ते अध्यक्ष. डच ते असं बोलत की हेगहून आलेल्या माणसाला अर्धं कळे, कारण ती आमचीच बोली होती, फक्त जोरात. दर रविवारी बसगाड्या भरून डच लोक आपला नवा मुलूख बघायला येत. आमच्या टेकडीवर चढत, जी त्यांच्या मते डोंगर होती, आणि खाली येऊन बेकरीत कॉफी पीत. काका नारिंगी फीत लावून स्वागताला उभे.

एकदा एका बाईने इकडेतिकडे पाहून नवऱ्याला म्हटलं, “एवढं लांब आलो, पण इथे जर्मन काही दिसत नाहीत हो.”

“मी आहे ना,” मावशी गल्ल्यावरून म्हणाली. “बघून घ्या.”

“जर्मनमध्ये काहीतरी बोला की,” बाई म्हणाली.

मावशी जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. बाईला एक शब्दही कळला नाही. तिने टाळ्या वाजवल्या आणि सहा केक घेतले.

आणि मग आम्हाला परत देऊन टाकलं. दोन्ही सरकारांचं जुळलं, हॉलंडला आता आमची गरज उरली नव्हती, कारखाने जर्मनीला माल विकू लागले होते. त्रेसष्टच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला सरहद्द पुन्हा मागे सरकणार असं ठरलं. मी एकवीस वर्षांची होते, बेकरीचं दुकान मीच बघत होते. गंमत अशी की आम्ही गेलो तेव्हा जर्मनीला धड सरकारही नव्हतं. जिथे परत जायचं तो देश आम्ही बाहेर असतानाच झाला होता.

काकांनी निरोपाची मिरवणूक काढायची ठरवली. पण व्यापाऱ्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. आदल्या दिवशी हॉलंडचा माल गावात आणून ठेवला की दुसऱ्या दिवशी तो आपोआप जर्मनीत जातो, जकात न भरता. जुलैच्या शेवटच्या दिवसांत आमच्या गावात मालमोटारी शिरू लागल्या. लोणी, कॉफी, अंडी. त्या आधी रस्त्यावर, मग शेतांत, मग लोकांच्या परसांत उभ्या राहिल्या. एक तर आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून. चर्चपासून बेकरीपर्यंत चालायचं तर मोटारींच्या खालून वाकून जावं लागे. एकतीस तारखेला दुपारी ऊन तापलं आणि लोणी वितळायला लागलं. बारीक पिवळी धार रस्त्याच्या कडेने वाहत होती आणि गावातली यच्चयावत मांजरं तिच्याकाठी ओळीने बसली होती.

त्यात काकांची मिरवणूक. बँडवाल्यांना उभं राहायला जागा नाही म्हणून ते एका मोटारीच्या टपावर चढले. बोडार्टसाहेब आता म्हातारे झाले होते, ते लोण्यावरून दोनदा घसरले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा उठलेच नाहीत, पायरीवरच बसून राहिले. काका त्यांच्याशेजारी बसले.

“हेगमध्ये कुणाला वाईट वाटलंय?” काकांनी विचारलं.

“फार कुणाला माहीतच नाही,” साहेब म्हणाले. “मी खात्यात विचारलं, औडवार्टचं काय वाटतं. तो पोरगा म्हणाला, ते कुठेशी आलं?” ते हसले. “टेरहोर्स्ट, मला आयुष्यभर देश म्हणजे नकाशाच वाटला. तुमच्याइतकं तर मीही कधी पोत्यात उड्या मारल्या नाहीत.”

“मग चला आता. उशीर नाही झाला.”

“लोण्यावर?” साहेब म्हणाले.

पण काकांनी खरंच पोतं आणलं. मोटारींच्या दोन रांगांमधून हेगचे बोडार्टसाहेब पोत्यात पाय घालून काही उड्या मारून गेले आणि टपावरून बँडने साथ केली. चालक लोक भोंगे वाजवत होते. साहेब रडत होते की हसत होते ते मला दिसलं नाही, कोंबड्या मध्ये आल्या.

सकाळी उठलो तो जर्मनीत. मोटारी गेल्या होत्या, परसांची कुंपणं मोडून गेली होती, रस्त्यांवर मांजरं झोपली होती.

पुढच्या वर्षी राणीच्या वाढदिवसाला काकांनी झेंडा लावला. जवळच्या एमरिख शहरातून नवा पोलीस आला. “टेरहोर्स्ट, परक्या देशाचा झेंडा का?”

“चादर वाळत घातली आहे,” मावशी आतून ओरडली.

“तिरंगी?”

“तुमच्या घरी सगळं एकाच रंगाचं असतं का?”

पोलीस गेला. दरवर्षी येत राहिला, केक खाऊन जात राहिला.

तिकडे हॉलंडमध्ये मात्र त्या वर्षांत झेंड्याचं नाव काढलं की तरुण मंडळी नाक मुरडत. देश-बिश म्हणजे आजोबांचं खूळ, असं. काका सरहद्दीपलीकडच्या गावात जत्रेला जायचे, तर तिथल्या मंडळाचा अध्यक्ष केस वाढवलेला मास्तर, तो म्हणायचा, “काका, आम्ही आता जगाचे नागरिक.” काका त्याला पोती द्यायचे.

मग फुटबॉल आला आणि ज्यांना राणी नको होती, झेंडा नको होता, तेही नखशिखांत नारिंगी झाले. चौऱ्याहत्तरचा अंतिम सामना म्युनिकला झाला, जर्मनी विरुद्ध हॉलंड. सारं गाव आमच्या टीव्हीसमोर. जर्मनी जिंकली तेव्हा खोलीत एकटे काका खाली मान घालून बसले होते. टपालवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “आलोयस, जाऊ दे रे. आपण जिंकलो.”

“तेच तर,” काका म्हणाले.

चौदा वर्षांनी हॅम्बुर्गला हिशोब फिटला. हॉलंड जिंकलं. जूनची लांबलेली संध्याकाळ होती, उजेड होता. पलीकडून मोटारी भरभरून पोरं आली, भोंगे वाजवत, नारिंगी रंग फासून. काकांना कोण आनंद! फीत चढवून ते दारात उभे राहिले, हात पसरून. पोरांनी पाहिलं, जर्मन बेकरी, जर्मन म्हातारा. पहिलं अंडं पाटीवर फुटलं, दुसरं काकांच्या छातीवर.

“अरे, मी आपलाच!” काका डचमध्ये ओरडले.

“ए, ऐक, ऐक!” पोरं खिदळली. “जर्मन म्हातारा आपली नक्कल करतोय!” आणि आणखी तीन मारली.

मावशी झाडू घेऊन धावली. मी काकांना आत घेतलं, फीत पाण्यात टाकली. ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होते. सदऱ्यावरचा बलक पुसत म्हणाले, “अंडी ताजी होती. नासकी आणली असती तर वाईट वाटलं असतं.” मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. एवढ्या वर्षांत पाव मी एकटीने भाजला तो तेवढाच.

सरहद्द हळूहळू निरर्थक झाली. तपासणीचे नाके उठले, दांडा एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी नेला. काकांना शहाऐंशीवं लागलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, आता मी रीतसर डच होणार. मी त्यांना मोटारीने हॉलंडमधल्या आर्नहेमला घेऊन गेले, मावशीही आली, तमाशा चुकवायचा नाही म्हणून. कचेरीत एक तरुण बाई होती, फार नम्र.

“आजोबा, तुम्ही आधी डच नागरिक होतात का?”

“हो तर! एकोणपन्नास ते त्रेसष्ट.”

तिने यंत्रात पाहिलं. मग आत कुणालातरी विचारून आली. “तसं नाहीये. त्या भागातल्या लोकांना डच असल्यासारखं वागवलं जायचं. नागरिक ते जर्मनच होते.”

काका पुढे वाकले. “मी नारिंगी मंडळाचा अध्यक्ष होतो.”

“छानच की! पण आता अर्ज करायचा तर आधी पाच वर्षं सलग हॉलंडमध्ये राहायला हवं.”

“चौदा राहिलो.”

“कुठे?”

“आत्ता राहतो त्याच घरात.”

“ते घर जर्मनीत आहे ना?”

“तेव्हा नव्हतं.”

“म्हणजे तुम्ही नंतर जर्मनीला राहायला गेलात.”

“मी कुठेही गेलो नाही, बाई. मी भट्टीसमोर होतो.”

तिने पुन्हा यंत्रात पाहिलं. यंत्रात देश बदललेल्या माणसाची सोय होती, देश बदललेल्या घराची नव्हती. “तुम्ही इकडे भाड्याने घर घ्या,” ती कळवळून म्हणाली. “पाच वर्षांनी या.”

“एक्याण्णव,” मावशी म्हणाली. “चल आलोयस. तोवर कॉफी पिऊ.”

परतताना काका-मावशी मागच्या सीटवर होते. मावशीने त्यांचा हात धरला होता, मला आरशात दिसला. “ऐक,” ती म्हणाली, “जर्मनांनी तुझी बोटं घेतली आणि तुला ठेवून घेतलं. डचांनी काही घेतलं नाही आणि ठेवलंही नाही. तू माझा नवरा आहेस एवढं मात्र सगळीकडे चालतं.” दोन वर्षांनी ती गेली.

तोपर्यंत आमचं निम्मं गाव डच झालं होतं, कुणीही न जिंकता. पलीकडे घरं महाग, इकडे स्वस्त, म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं येऊन राहिली. आमच्या शेजारी जोरिट आला, बायको आणि फेना नावाची मुलगी घेऊन. तळघरातलं पाणी उपसायचे पंप बसवायचा त्याचा धंदा. माणूस लाघवी, मोठ्या आवाजाचा. एकदा कुंपणावरून काकांना म्हणाला, “आजोबा, तिकडे राहवेना. परके फार झालेत. आपला देश आपला राहिला नाही.”

“म्हणून इथे आलास?”

“हो ना.”

“मग इथे परका तू,” काका म्हणाले.

जोरिटने प्रामाणिकपणे विचार केला. “मी कसा परका? मी तर डच आहे!”

काकांना ते इतकं पटलं की त्यांनी त्याला घरात बोलावून केक दिला.

आणखी काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात हॉलंडमधले शेतकरी सरकारवर चिडले आणि देशभर झेंडे उलटे लागले, निळा वर, लाल खाली. जोरिटची शेती नव्हती, पण त्यानेही उलटा लावला. सत्त्याण्णव वर्षांचे काका चाकांच्या आधारगाडीला धरून कुंपणापर्यंत गेले.

“हे काय? जहाज बुडतं तेव्हा असा लावतात.”

“देश बुडतोय, आजोबा!”

“तो आधीपासून समुद्राच्या खालीच आहे. म्हणून तर तुझे पंप खपतात.”

जोरिट हसला, पण झेंडा उतरवला नाही. दोघांची रोज जुंपायची आणि रोज कॉफी व्हायची. जोरिटचा देश म्हणजे कुणीतरी चोरून नेलेली वस्तू. काकांचा देश त्यांना कधी मिळालाच नव्हता, त्यामुळे चोरीला जाण्याचं भय नव्हतं. एकमेकांचं बोलणं दोघांनाही कळत नसे, तरी खुर्च्या जवळ ओढून बसत.

जुलैत फेना शालान्त परीक्षा पास झाली, दुसऱ्या फेरीत. पास झालं की घरावर झेंडा लावायचा आणि काठीला शाळेचं दप्तर टांगायचं ही डचांची रीत. जोरिट दप्तर घेऊन शिडीवर चढला. खालून फेना ओरडली, “बाबा, झेंडा सुलटा कर!”

“फेना, हा निषेध आहे.”

“कशाचा? मी पास झाल्याचा?”

सगळी गल्ली जमली. जोरिट शिडीवर, एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात देश. काका खुर्चीतून बघत होते. शेवटी त्याने झेंडा उतरवला, सुलटा केला, दप्तर टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा पुन्हा उलटा झाला आणि दप्तर त्यालाच लटकत राहिलं, कारण ते काढायचं राहून गेलं आणि पुन्हा शिडीवर चढायचा जोरिटला कंटाळा आला.

काका नोव्हेंबरात गेले. दुपारी जेवून खुर्चीत झोपले ते उठले नाहीत. मातीला जर्मन आले, डच आले, सीबोल्टची नातसुद्धा फ्रीजलंडहून आली. शवपेटीवर झेंडा घालायचा का यावर जोरिट आणि फादर यांचं थोडं वाजलं. मी म्हटलं, काही घालू नका, त्यांना उकडायचं. मळलेलं पीठ झाकायची पांढरी चादर तेवढी घातली.

नंतर सगळे जोरिटकडे कॉफीला जमलो. आमच्याकडे मयताच्या कॉफीला परातभर केक असतो, लोक पोटभर खातात, आठवणी काढतात. जोरिटच्या बायकोने डच रिवाजाप्रमाणे प्रत्येकापुढे पत्र्याचा डबा धरला, प्रत्येकाने एक बिस्कीट घेतलं आणि डब्याचं झाकण लागलं. आमची मंडळी बिस्कीट संपवून वाट बघत बसली. डच मंडळी, आता हे उठत का नाहीत, म्हणून बघत बसली.  एकदा कुणीतरी खाकरलं.

मी जोरिटच्या कानाशी लागले. “बाबा रे, ते पुढच्या खाण्याची वाट बघतायत.”

जोरिट कपाळापर्यंत लाल झाला. बायकोकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग त्याने डबा पुन्हा उघडला आणि फिरवला. त्याची सासू तोंडावर हात ठेवून बघत होती. तिने आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. डबा तिच्यापाशी आला तेव्हा तिने घाबरत घाबरत दुसरं बिस्कीट उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि खाऊन टाकलं.